सोनबांचं मडकं आणि आमची वही
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणात विहार कसा उभा राहिला, पत्रे कधी चढले, लादी कधी बसली, हे सांगायची पद्धत आहे. ते या स्मरणिकेत इतरांनी लिहिलंच आहे. आम्हाला आज संध्याकाळच्या वंदनेनंतर आपण जी वही लिहितो तिच्याबद्दल बोलायचं आहे. पण वहीच्या आधी एका मडक्याबद्दल बोलावं लागेल.

आपल्या पनवेलजवळच पळस्पे फाटा आहे. तिथून एक रस्ता पुण्याकडे जातो आणि एक महाड-गोव्याकडे. आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती हकीकत अशी. महाडकडे जाताना बाबासाहेब या फाट्यावर थांबले. तहान लागली होती. पाणी मागितलं, तर जात आडवी आली. पाणी मिळालं नाही. ही गोष्ट सोनबा येलवे यांच्या काळजाला लागली. पुन्हा बाबासाहेब या वाटेने आले तर ते तहानलेले जाता कामा नयेत, म्हणून सोनबा रोज पाण्याचं भरलेलं मडकं घेऊन फाट्यावर वाट पाहू लागले. एक-दोन दिवस नव्हे, सात वर्षं! त्यांची ती इच्छा पुरी झाली नाही. वाट पाहता पाहताच सोनबा गेले. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडे बदलतात, पण फाटा, मडकं आणि सात वर्षं बदलत नाहीत.

ही गोष्ट ऐकून आपले डोळे भरून येतात, आणि आपण घरी जाऊन भाजीत मीठ कमी का म्हणून भांडतो. आम्ही आमच्याबद्दलच बोलतो आहोत! एकदा आमच्यात विषय निघाला की सोनबांनी रोज सकाळी नेमकं काय केलं असेल? कालचं पाणी ओतून दिलं असेल, मडकं विसळलं असेल, पुन्हा भरलं असेल, डोक्यावर ऊन घेतलं असेल. म्हणजे ज्याला आपण श्रद्धा म्हणतो ते त्यांच्यासाठी रोजचं काम होतं.

पालीत याला शब्द आहे, कतञ्ञुता. महामंगल सुत्तात मंगल गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत ती येते. कतञ्ञू म्हणजे आपल्यासाठी केलेलं जाणणारा, आणि कतवेदी म्हणजे ते जाणल्याचं बोलून, करून दाखवणारा. अंगुत्तर निकायात भगवंतांनी दोन प्रकारची माणसं जगात दुर्मिळ म्हटली आहेत : आपणहून आधी दुसऱ्याचं भलं करणारा, आणि ते जाणून व्यक्त करणारा. आमची गाडी बहुधा पहिल्या अर्ध्यावर अडते. जाणतो सगळे, बोलत कोणी नाही.

वही सुरू करायचं ठरलं तेव्हा एक वयस्कर उपासक उठून म्हणाले, "आम्हाला कशाला शिकवता? आमच्या बापजाद्यांनी शिळंपाकं घेऊन जन्मभर हातच जोडले ना! उपकार, उपकार ऐकून कान किटले." सभा गप्प झाली. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हक्काची वस्तू भीक म्हणून देऊन वर आभार मागणाऱ्याला आभार द्यायचे नाहीत. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी प्याले ते कोणाचे उपकार म्हणून नव्हे. त्या पाण्यासाठी पुढे कोर्टात लढावं लागलं, आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ च्या मार्चमध्ये लागला.

पण हेच बाबासाहेब माणसांचं केलेलं विसरले नाहीत. १९४० साली पाकिस्तानवरचा ग्रंथ निघाला. रमाई १९३५ मध्येच गेल्या होत्या. तरी त्या राजकारणाच्या ग्रंथाची अर्पणपत्रिका रमाईंच्या स्मृतीस आहे, त्यांच्या मनाच्या चांगुलपणाची आणि सोसलेल्या दिवसांची कदर म्हणून. 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आजारपणात सांभाळणाऱ्या माईसाहेबांची आणि डॉ. मालवणकरांची नोंद केली, आणि मजकूर टाईप करणाऱ्या नानकचंद रत्तू व प्रकाशचंद यांचेही आभार मानले. १९५७ मध्ये ग्रंथ निघाला त्यात ती प्रस्तावना नव्हती, ही वेगळी खंत. पण बघा, देह थकलेला, काम अफाट, आणि टाईप करणाऱ्यांची नावं ध्यानात!

हे सांगितल्यावर ते उपासक म्हणाले, "मग ठीक. पण मालकाचं नाव लिहिणार नाही." आम्ही म्हटलं, नका लिहू.

वर्षावासात वही सुरू झाली. पहिला आठवडा फसला, हे कबूल करतो. जो तो लिही : बुद्ध, बाबासाहेब, आई-वडील. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लिहून मोकळे! मग नियम केला : आजचा दिवस, एक माणूस, त्याने केलेली एक गोष्ट. मग वही बोलू लागली. नळाला पाणी रात्री उशिरा आलं तेव्हा शेजारणीने आमचाही हंडा भरला. एस.टी.त कंडक्टरने सुट्ट्या पैशांवरून वाद न घालता तिकीट दिलं. एका पोराने लिहिलं, "ताईने माझा डबा भरला आणि स्वतःचा विसरली." ती ताई तिथेच बसली होती. तिला ते ठाऊकच नव्हतं, की याने पाहिलं.

आमची खरी फजिती दोन महिन्यांनी झाली. रोज पहाटे विहार झाडणारी उपासिका एका संध्याकाळी म्हणाली, "सगळी वही वाचली. माझं नाव एकदाही नाही." आम्हाला तोंड वर करवेना. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तिचंच नाव लिहिलं. ती हसून म्हणाली, "नावं पुरे, आता झाडू घ्या." तेव्हापासून झाडण्याच्या पाळ्या लागल्या आहेत. पुरुषमंडळींच्या पाळ्या अधूनमधून चुकतात, तेही इथेच सांगून टाकतो.

अमेरिकेत एमन्स आणि मॅक्‌कलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. काहींना आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाला आपलं आयुष्य अधिक बरं वाटत होतं. आमच्याकडे असं मोजमाप नाही. वहीने कोणाला नोकरी लागली नाही, कोणाचं कर्ज फिटलं नाही. आमच्यातला एक तरुण तीन वेळा मुलाखतीतून परत आला. त्या रात्री त्याने लिहिलं, "आज काही नाही." खाली ओळ सोडून पुन्हा लिहिलं, "मित्र स्टँडवर थांबला होता." तो आजही नोकरी शोधतो आहे, आणि वंदनेला येतो आहे.

वही दाराजवळच्या टेबलावर आहे. पेन्सिल दोरीने बांधली आहे, कारण पेनं राहत नाहीत. आजचं पान अजून कोरं आहे. मागे मंडपात पहाटे चारपासून खीर आणि भाजी करणारी मंडळी आहेत. जेवून निघण्यापूर्वी त्यांची नावं विचारून घ्या, आम्हालाही सगळ्यांची माहीत नाहीत.

नमो बुद्धाय! जयभीम!