गाडीचा विमा आणि मालाचा विमा

(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील लहान मालमोटारधंद्याविषयीच्या भाषणाचा मजकूर)



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे एका रेल्वेमार्गावर आणि एका नदीच्या खोऱ्यात वसलेली आहेत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि त्या बराकींच्या आधाराने लहान उद्योगांचे एक गजबजलेले नगर उभे राहिले. लाकडी सामान, कापड, जीन्सचे शिवणकाम यांसाठी ते आज प्रसिद्ध आहे. अंबरनाथ आणि बदलापूर येथे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती झाल्या. तेथून रसायने, औषधी द्रव्ये आणि यंत्रांचे सुटे भाग बाहेर पडतात. हा सर्व माल भिवंडीच्या गोदामांकडे, तळोज्याकडे, न्हावाशेवा बंदराकडे किंवा घाट चढून पुण्याकडे जातो, तो बव्हंशी रस्त्याने. त्यातील मोठा भाग वाहून नेणारा माणूस कोणी मोठा हुंडेकरी नसतो. एक किंवा दोन गाड्यांचा तो धनी असतो आणि पुष्कळदा चक्रावरही तोच बसलेला असतो.

अशा माणसाला विम्याविषयी विचारले, तर तो तत्परतेने कागद काढून दाखवतो. आर.सी. बुक, परमिट, पी.यू.सी. यांच्याबरोबर विमापत्रही प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेले असते. गाडीवर कर्ज असल्यामुळे बँकेनेही ते पाहिलेले असते. "विमा आहे," असे तो म्हणतो आणि ते खरेही असते. परंतु तो विमा गाडीचा असतो. गाडीत भरलेल्या मालाचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे, म्हणून त्याचा उलगडा थोडा विस्ताराने केला पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनास त्रयस्थ पक्षाचा विमा, म्हणजे ज्याला सर्वजण 'थर्ड पार्टी' म्हणतात तो, सक्तीचा आहे. गाडीखाली सापडलेला पादचारी, धडक बसलेला सायकलस्वार यांना भरपाई मिळावी, हा त्याचा हेतू. सर्वंकष विमा घेतला, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचीही सोय होते. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर गाडीत बसलेला मालधनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांच्या मृत्यूची आणि इजेची जबाबदारीही या विम्यात आली. मात्र त्या मालधन्याचा माल आला नाही. गाडी उलटली, तर शेजारी बसलेल्या माणसाला कायद्याचे संरक्षण आहे, मागे ताडपत्रीखाली बांधलेल्या गाठींना नाही. बँकेचे पैसे गाडीत गुंतलेले असतात, म्हणून ती गाडीच्या विम्याचा आग्रह धरते. मालाच्या विम्याचा आग्रह धरणारे त्या व्यवहारात कोणीच नसते. नेमकी तेथेच फट राहून जाते.

मालासंबंधी विमे दोन प्रकारचे आहेत आणि ते दोन वेगळ्या माणसांसाठी आहेत. पहिला मालधन्याचा. कारखानदार किंवा व्यापारी आपल्या मालाचा अंतर्गत वाहतुकीचा विमा उतरवतो. एका खेपेपुरता किंवा खुल्या विमापत्राने वर्षभराच्या खेपांसाठी. यातही 'अ', 'ब' आणि 'क' अशी तीन कलमे प्रचलित आहेत. 'क' मध्ये आग आणि वीज एवढेच धोके येतात. 'ब' मध्ये त्याखेरीज पूल तुटणे, गाडीची टक्कर, गाडी उलटणे किंवा रुळावरून घसरणे आणि तत्सम अपघात येतात. 'अ' मध्ये जे वगळले आहे ते सोडून सर्व धोके येतात. खराब वेष्टन, मालाचा अंगभूत दोष, नेहमीची गळती, उशीर, हेतुपुरस्सर गैरवर्तन ही वगळलेली कारणे होत.

हप्ता कमी बसतो म्हणून 'ब' घेणारा व्यापारी उल्हास नदीच्या काठी काय पत्करत असतो, ते पाहा. २६ जुलै २००५ रोजी या खोऱ्यात पुराने केलेला हाहाकार अनेकांच्या स्मरणात आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्याने वेढली गेली आणि प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. ज्या पाण्याने आगगाडी अडवली, ते रस्त्यावर उभ्या असलेल्या भरल्या ट्रकला सोडीत नाही. जीन्सच्या गाठी भिजल्या, औषधी द्रव्यांची पोती विरघळली. आणि 'ब' कलमाच्या यादीत पूर नाही. चोरीही नाही. दोन्हींसाठी जादा हप्ता भरून तशी नोंद करून घ्यावी लागते किंवा 'अ' घ्यावे लागते.

मग गाडीवाल्याकडून भरपाई मिळेल का? येथे कायदा पाहिला पाहिजे. १८६५ चा जुना वाहक कायदा रद्द करून संसदेने २००७ साली रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीचा नवा अधिनियम, 'कॅरेज बाय रोड अॅक्ट', केला आणि तो १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्यानुसार माल हरवला, खराब झाला किंवा पोचला नाही, तर वाहकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचे ओझे मालधन्यावर नाही. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती, शासनाचा निर्बंध अशी मोजकी कारणे सोडून वाहक जबाबदार धरला जातो. पूर ही दैवी आपत्ती, म्हणून गाडीवाला सुटला, असे वाटेल. तथापि योग्य दक्षता घेतली असती तर नुकसान टळले असते, असे दिसून आले, तर तीही सबब चालत नाही. इशारा मिळाल्यानंतरही ज्याने भरलेली गाडी नदीकाठच्या सखल मैदानात रात्रभर उभी ठेवली, त्याला पुराकडे बोट दाखवता येणार नाही. आणि ज्याने दक्षता घेतली होती तो सुटला, तर 'ब' कलमाचा व्यापारी दोन्हीकडून रिकाम्या हाताने परत येतो.

बिल्टीवर 'माल मालकाच्या जोखमीवर' असे छापलेले असते. लहान गाडीवाल्यांचा या शिक्क्यावर फार भरवसा असतो. जुना कायदा चालू असताना, २००० साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले होते. गोदामात माल जळाला होता आणि करारात मालकाची जोखीम लिहिलेली होती. तरीही न्यायालयाने वाहकाला मोकळे केले नाही. शिक्का मारून हलगर्जीपणाची जबाबदारी झटकता येत नाही.

मात्र नव्या कायद्याने वाहकाला एक मर्यादा दिली आहे. जबाबदारी साधारणतः भाड्याच्या दहापट आणि तीही मालरवानगी पत्रकात जाहीर केलेल्या किमतीपुरती. समजा, अंबरनाथहून पुण्याला ६,००० रुपये भाड्याने ८,००,००० रुपयांचा माल निघाला. मर्यादा ६०,००० रुपयांची झाली. मालधन्याला अधिक हमी हवी असेल, तर त्याने अधिक जोखमीचा दर कबूल करून तशी नोंद करावयाची असते. या उदाहरणावरून दोघांनीही आपापला धडा घ्यावा. व्यापाऱ्याला उरलेल्या ७,४०,००० रुपयांसाठी स्वतःचा विमा हवा. आणि ज्याचा महिन्याचा हप्ता बँकेत भरावयाचा आहे, त्या एका गाडीच्या मालकाला ६०,००० रुपये ही काही थोडकी रक्कम नव्हे. शिवाय एका गाडीत चार व्यापाऱ्यांचा फुटकर माल असेल, तर मागणारेही चार असतात. बिल्टीच केलेली नसेल, भाड्याचा आकडा तोंडीच ठरलेला असेल, तर दहापट कशाची काढावयाची, येथूनच वादाला सुरुवात होते.

"व्यापाऱ्याचा विमा आहे ना, मग आपल्याला काय?" असा प्रश्न चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतो. वस्तुतः धोका तेथेच आहे. विमा कंपनी व्यापाऱ्याला भरपाई देते आणि नंतर त्याच्या जागी उभी राहून वाहकाकडे वसुली मागते. सुताचा माल नेणाऱ्या गाडीला झालेल्या अपघातातून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० साली विमा कंपनीच्या या हक्काचे सविस्तर विवेचन केले आहे. व्यापाऱ्याचा विमा हा व्यापाऱ्याची छत्री आहे. तिच्याखाली गाडीवाला मावत नाही. गाडी हुंडेकऱ्यामार्फत लागली असेल, तर हुंडेकरी कोर्टाची वाटही पाहत नाही. आगाऊ रकमेखेरीज उरलेले भाडे 'पोच' आल्यावर द्यावयाचे असते, तेच तो अडकवून ठेवतो.

गाडीवाल्याची छत्री म्हणजे दुसरा विमा, वाहकाच्या कायदेशीर जबाबदारीचा. इंग्रजीतील नावावरून त्याला 'कॅरिअर्स लीगल लायबिलिटी' म्हणतात. गाडीला आग लागून किंवा अपघात होऊन मालाचे नुकसान झाले आणि त्याची जबाबदारी कायद्याने वाहकावर आली, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत ती रक्कम कंपनी देते. मर्यादा दर अपघाताची आणि वर्षाची अशी दोन्ही लिहिलेली असतात. चोरी, नोकराचा अप्रामाणिकपणा, पावसाने भिजणे याबाबत अटी कंपनीगणिक निराळ्या असतात. त्या सहीपूर्वी वाचून घ्याव्यात, वाचता येत नसतील तर वाचून घेववाव्यात. गावातील शिक्षकांना येथे फार मोलाचे काम करता येईल. विमापत्रावरील वगळलेल्या धोक्यांचा परिच्छेद दहा मिनिटांत वाचून होतो. मुलाला गाडी घेऊन देण्यासाठी घरची जमीन गहाण टाकणाऱ्या बापाला तो कोणी वाचून दाखवलेला नसतो.

रसायनांच्या बाबतीत तर निवडीचा प्रश्नच नाही. मानवी जीवितास धोकादायक माल असेल, तर मृत्यू, इजा, मालमत्ता आणि खुद्द माल यांच्या नुकसानीबद्दल विमा आहे की नाही, हे गाडी हलण्यापूर्वी तपासण्याची जबाबदारी २००७ च्या अधिनियमाने वाहकावर टाकली आहे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी उल्हासनगरलगत शहाड येथे कारखान्याच्या आवारात टँकरचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. कार्बन डायसल्फाइड भरण्याकरिता तो टँकर आला होता. ज्या रस्त्यांवरून असे टँकर रोज जातात, त्यांच्या कडेला शाळा आहेत, बाजार आहेत. पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीत रात्री उभ्या राहणाऱ्या टँकरचालकाकडे धोक्याची पाटी, आणीबाणीची माहिती देणारे कार्ड आणि विमा यांची विचारपूस केली, तर ती आगळीक नव्हे.

विमा असूनही दावा नाकारला जातो, त्याची कारणे बहुधा साधीच असतात. मंजूर वजनापेक्षा जास्त भरणे हे एक. २०१९ नंतर त्याचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये आहे. पण दंडापेक्षाही दाव्यात निघणारी हरकत महाग पडते. चालकाच्या परवान्याबद्दलचा वाद मात्र बराचसा मिटला आहे. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनासाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे, वेगळ्या नोंदीची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. टेंपो आणि छोट्या ट्रकच्या मालकांना हा मोठाच दिलासा होय.

दावा उभा राहतो तो पहिल्या दिवसाच्या कागदांवर. अपघात होताच पोलिसांत वर्दी द्यावी, विमा कंपनीला कळवावे, सर्वेक्षक येईपर्यंत माल शक्य तो हलवू नये. मात्र भिजणारा माल तसाच पावसात ठेवणे हाही हलगर्जीपणाच होय. छायाचित्रे काढून माल आडोशाला न्यावा. माल घेणाऱ्याने फुटलेली खोकी मोजल्यावाचून पावतीवर 'माल मिळाला' अशी सही करू नये. किती कमी, किती भिजले, ते तेथेच लिहावे. वाहकावर दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिची मुदत माल नोंदवल्यापासून १८० दिवसांची आहे. विमा कंपनीशी तोंडी बोलणी चालू आहेत, या समजुतीत ती उलटून जाते आणि मग कंपनीही म्हणते की, वसुलीचा आमचा हक्क तुम्ही बुडवला.

कंपनीने दावा फेटाळला किंवा तक्रारीला महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. २०१७ च्या नियमांनुसार ही वाट एकल मालकीचे धंदे आणि सूक्ष्म उद्योग यांनाही खुली आहे. एका गाडीचा मालक त्यात सहज बसतो. फी लागत नाही, वकील लागत नाही. अर्ज कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत करावा लागतो आणि त्याला विमापत्राची, बिल्टीची व कंपनीशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत जोडावी लागते.