हत्याराचं पाणी



गेल्या फाल्गुनात भाताच्या राबासाठी कवळ तोडायला आम्ही महाडजवळच्या वीर गावी आमच्या वरकस जमिनीवर गेलो होतो. भाचा ऐनावर चढला, मी खाली उभा राहून फांद्या दाखवत होतो. माझं वय आता सांगण्याचं राहिलंय, चढण्याचं नाही. चार-पाच घाव झाले असतील, तेवढ्यात वरून आवाज आला, "मामा, ह्याचा तर पापड झाला!" आणि त्यानं कोयता खाली टाकला. नवाकोरा होता, आठच दिवसांपूर्वी बाजारातून आणलेला. मुठीवरचा स्टिकरसुद्धा निघाला नव्हता. धारेची कड चांगली दोन बोटं लांब दुमडली होती, पोरांच्या वहीच्या पानाचे कोपरे दुमडतात तशी.

मी घरी गेलो आणि माळ्यावरून वडिलांची कोयती काढली. काळीकुट्ट, पाजळून पाजळून अर्धी राहिलेली. दगडावर दहा मिनिटं घासली. त्या दिवशी तो ऐन आणि बांधावरचा किंजळ तिनंच उतरवला.

माझे वडील सुतार. मी स्वतः महाडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून आयुष्य काढलं. आमच्याकडे खंडेनवमीला पाटावर देव कमी आणि हत्यारं जास्त असत. रंधा, वाकस, पटाश्या, गिरमिट, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. पटाश्यांपैकी एकीवर इंग्रजीत शेफिल्ड असं कोरलेलं होतं. वडिलांनी ती मुंबईला नागदेवी स्ट्रीटवरून आणली होती आणि तिला ते घरात कुणाला हात लावू देत नसत. कोयती मात्र गावच्याच लोहाराची. त्याला बलुतं भातावर. ती कोयती आठ दिवसांत वाकली असती, तर वडील त्याच संध्याकाळी त्याच्या दारात उभे राहिले असते. हे त्यालाही ठाऊक होतं.

आता थोडं लोखंडाबद्दल बोलतो, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. लोहार ज्याला 'पाणी' म्हणतो ते काय असतं? आपण एखाद्या माणसाचं पाणी जोखलं म्हणतो, ते ह्याच भट्टीवरून आलं असावं असं मला आपलं वाटतं. पोलादाची पट्टी लालभडक करून पाण्यात बुडवली की ती कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. तशीच वापरलीत तर दगडावर लागताच टवका उडेल. म्हणून ती पुन्हा हळूहळू तापवायची. एक बाजू घासून चकचकीत केलेली असते, तिच्यावर रंग धावायला लागतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा म्हणजे साधारण 225 अंश सेल्सिअस, निळा म्हणजे 300 च्या आसपास. पटाशीला पिवळ्यावर थांबवायचं, कमानीला निळ्यापर्यंत जाऊ द्यायचं, घाव घालायच्या कोयत्याला जांभळ्याच्या अलीकडे-पलीकडे. लोहार ही भट्टी नेहमी सावलीत का मांडतो? उन्हात हे रंग दिसत नाहीत म्हणून. आणि रंग एकदा हातातून निसटला की सगळं पहिल्यापासून.

पण तयार हत्याराकडे बघून ह्यातलं काहीच कळत नाही, आणि सगळी गोम तिथंच आहे. दुकानात आपल्याला दिसतो तो रंग, दिसतं ते क्रोमचं पॉलिश, दिसते लाल-पिवळी रबरी मूठ. पाणी दिसत नाही. मग ज्याला पैसे वाचवायचे आहेत तो कुठे वाचवेल? मुठीवर नाही वाचवणार.

तो दुमडलेला कोयता मी एका घिसाड्याच्या पालावर नेला. हंगामात हे लोक महामार्गाच्या कडेला उतरतात. नवरा सांडशीनं तापलेला तुकडा ऐरणीवर धरतो आणि बायको घण घालते. त्या बाईनं घण बाजूला ठेवला, माझा कोयता हातात घेतला, नखानं टिचकी मारून ऐकला. मग जवळची कानस उचलली आणि तिचा कोपरा धारेवरून ओढला. साबणावर सुरी फिरावी तशी कानस आत गेली.

"काका, ह्याला पाणीच न्हाई."

"मग तुम्ही द्या," मी म्हटलं.

ती हसली. "ह्याला किती बी पाजा, ह्ये पिणारच न्हाई."

शब्दाशब्दानं खरं बोलली. लोखंडात कार्बन पुरेसा असला तरच ते पाणी पितं. शेकडा अर्ध्याच्या आसपास किंवा जास्त लागतो. माझा कोयता खिडकीच्या गजाला वापरतात तसल्या नरम लोखंडाचा होता, त्याला ब्रह्मदेव आला तरी धार धरता आली नसती. तिच्या नवऱ्यानं पोत्याखालून ट्रकच्या कमानीचा जुना पाटा ओढून काढला. "ह्याचा करून देतो. चारशे पडतील." बाजारचा कोयता दीडशेचा होता. मी चारशे दिले. भाच्याला ते महाग वाटले, आणि त्याचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. दीडशे आणि चारशे ह्यांतला फरक म्हणजे कुणाची तरी अर्ध्या दिवसाची मजुरी असते.

आपल्या भाषेत दोन फार नेमके शब्द आहेत, ओतीव आणि घडीव. घडीव म्हणजे तापवून ठोकून आकार दिलेलं, ओतीव म्हणजे साच्यात ओतलेलं. घडीव पान्यावर जास्त जोर पडला तर तो आधी वाकतो, माणसाला सावध करतो. हलका ओतीव पाना सांगत नाही, एकदम तुटतो. माझ्या उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर एक पांढरा वण आहे. एका कारखान्यात, नाव जाऊ दे, फ्लँजचा जाम बोल्ट सोडवताना नव्या पान्याचं तोंड तुटलं आणि हात सरळ पाइपावर आपटला. त्या पान्यावर क्रोम व्हॅनेडियम असं ठळक लिहिलेलं होतं. लिहायला काय लागतं? ठसा मारला की झालं.

22 जुलै 2021 च्या पुरानंतर महाडात घराघरांतून चिखल उपसत होतो, तेव्हाही हेच बघितलं. माणसं ठिकठिकाणाहून मदतीला धावली, ढिगानं फावडी आली. आलेल्या मदतीला नावं ठेवू नयेत. पण चिखल ओला आणि जड, त्यात कुणाच्या भिंतीच्या विटा, कुणाचं फर्निचर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कित्येक फावड्यांचे दांडे एकीकडे आणि पाती दुसरीकडे. दांडा बसतो ती नळी पात्याला नुसती वेल्डिंगच्या दोन डागांवर चिकटवलेली होती, ते डाग सुटले. जुन्या फावड्याची नळी पात्याच्याच लोखंडातून ठोकून काढलेली असते, ती सुटणार कशी? ज्यांच्या घरी टाटांची कुदळ आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. अ‍ॅग्रिको ह्या नावानं ही अवजारं 1925 पासून निघताहेत आणि आमच्याकडे आजोबांची कुदळ नातू वापरताना मी पाहिलीय.

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा चायनाचा माल, दुसरं काय! दुकानदारही असंच म्हणतो आणि मग तोच माल काढून पुढे ठेवतो. 1 एप्रिल 2001 ला सरकारनं उरलेल्या 715 वस्तूंवरचे आयातीचे निर्बंध उठवले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि त्यानंतर बाजाराचं रूप बदललं हे खरं. तरी 'परदेशात गेलं म्हणून बिघडलं' हे उत्तर मला फार सोपं वाटतं.

ज्या शेफिल्डच्या पटाशीला वडील जपत, त्या शेफिल्डचे कारागीर 1880 च्या दशकात हेच रडगाणं गात होते. जर्मनीतल्या झोलिंगेनची स्वस्त सुऱ्या-कात्र्यांची खोकी येतात आणि आमचा धंदा बुडवतात, अशी त्यांची तक्रार होती. शेवटी 1887 मध्ये ब्रिटननं कायदा केला की परक्या मालावर देशाचं नाव हवं. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का अशा रीतीनं बदनामीसाठी जन्मला. पुढे त्याच शिक्क्याला काय भाव आला ते आपण जाणतोच.

आणि हे आपल्या दाराशीही आहे. अमेरिकेत 1864 साली निकोल्सन नावाच्या गृहस्थानं यंत्रानं दाते पाडून कानशी बनवायला सुरुवात केली. त्याआधी बहुतेक कानशींचा एकेक दाता छिन्नीनं हातानं पाडत. त्या नावाच्या कानशीवर अमेरिकन फिटरांच्या पिढ्या पोसल्या. आता तिथले जुने लोक कुरकुरतात, की कानशी बाहेरच्या देशांतून येतात, पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. आणि इथे वीरहून दक्षिणेला जाणारी गाडी धरलीत तर चिपळूण आणि रत्नागिरी लागतात. दोन्हीकडे जे. के. फाइल्सनं कारखाने काढले, आणि तिथल्या कानशी जगभर गेल्या. म्हणजे त्या अमेरिकन म्हाताऱ्याचा 'परदेश' तो आपलं कोकण! मी त्या रत्नागिरीच्या कानशी आयुष्यभर वापरल्या, मला त्यांच्याविरुद्ध बोलायला काही नाही.

मग बिघडतं कुठे? माझ्या मते, ऑर्डर देताना. एकाच कारखान्यातून चांगलाही पाना निघतो आणि भिकारही, घेणारा कुठल्या दरावर सही करतो त्यावर ते ठरतं. आणि सही करणारा पाना वापरणारा नसतो. कारखान्यात पाना घेतं खरेदी खातं, बोटं सोलवटतात फिटरची. फावडं घेतो ठेकेदार, हात भरून येतात मजुराचे. वीरच्या लोहाराला त्याचं गिऱ्हाईक रोज पाणवठ्यावर भेटायचं. आज माझा कोयता कुणी केला, कुठल्या गावात केला, मला ठाऊक नाही, आणि माझं ऐनाचं झाड त्याला ठाऊक नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. वडिलांच्या काळात सगळंच चांगलं होतं असं नाही. जे वाईट होतं ते तेव्हाच भंगारात गेलं, चांगलं तेवढं माळ्यावर उरलं, म्हणून आपल्याला जुनं ते सोनं वाटतं. शिवाय स्वस्त हत्यारांनी पोरांना उभंही केलंय. माझ्या ह्याच भाच्यानं हजार रुपयांच्या आतबाहेर एक पेटी घेतली, पक्कड, टेस्टर, ड्रिल, आणि गावात वायरिंगची कामं धरली. चांगल्या पेटीसाठी थांबला असता तर अजून थांबलाच असता. पहिली कमाई झाल्यावर मात्र त्यानं पक्कड बदलली. विजेच्या तारेशी खेळताना मुठीवरचं आवरण कसं आहे ते कळलेलं बरं.

तेव्हा एवढं करा. कोयता, विळा, कुऱ्हाड घ्यायला जाल तेव्हा खिशात कानशीचा एक तुकडा ठेवा. धारेच्या टोकाला त्याचा कोपरा ओढून बघा. सहज आत गेला तर कोयता परत ठेवा. काचेवरून घसरावा तसा नुसताच सरकला तरी घेऊ नका, पहिल्या गाठीवर टवका उडेल. कुरकुरत, जड जाऊन लागला तर घ्या. दुकानदार ओरडेल, ओरडू द्या.

आणि घरात झिजलेली कानस पडली असेल तर ती भंगारवाल्याला किलोवर घालू नका. घिसाड्याकडे न्या, तिचा उत्तम सुरा होतो. फक्त लवकर न्या. पावसाच्या आधी त्यांची पालं उठतात.