गुडघ्याची किंमत कोण मोजतं?



क्रीडाशिक्षक, वस्ताद आणि प्रशिक्षकांच्या या परिषदेसाठी आपण जो प्रश्न निवडला तो सरळ आहे: खेळातल्या यशासाठी शरीराला इतकं दुखवून घेणं, इतकं मोडून घेणं योग्य आहे का? हा प्रश्न लोणावळ्यात विचारला जातोय हे मला बरं वाटतं, कारण त्याचं एक ठसठशीत उत्तर इथून जवळच, वडगाव मावळात राहतं.

2022च्या मे महिन्यात ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला जागतिक ज्युनियर वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. वडगावच्या हर्षदा गरुडने 45 किलो वजनगटात स्नॅचमध्ये 70 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 83, असे एकूण 153 किलो उचलले आणि सुवर्णपदक जिंकलं. या स्पर्धेत भारताला त्याआधी कधीही सुवर्ण मिळालं नव्हतं. तुर्कीची मुलगी 150वर राहिली. बिहारीलाल दुबे यांच्या व्यायामशाळेत घडलेली ही मुलगी. त्या दिवसानंतर आंदर मावळापासून पवन मावळापर्यंत कितीतरी घरांत मुलीच्या हातात लोखंड द्यायला हरकत उरली नाही.

स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार खांद्यावर घेऊन डोक्यावर नेणं म्हणजे काय, हे इथल्या वेटलिफ्टिंगवाल्यांना सांगायला नको. तळहाताचे घट्टे फाटतात, बार घासून नडग्या सोलवटतात. मनगट, खांदा, कंबर, गुडघा यांपैकी काहीतरी रोजच बोलत असतं. लाल मातीतही तेच. पैलवानाच्या कानात लढतीत घासून, दाबून रक्त साकळतं, ते वेळेवर काढलं नाही तर कान कायमचा घट्ट आणि वेडावाकडा होतो. आमच्याकडे तो कान बघून माणूस ओळखतात आणि त्याला आदराने बसायला जागा देतात.

तेव्हा माझं मत आधी सांगून टाकते. मोठं झालेल्या, आपल्या शरीराचं काय होतंय हे समजणाऱ्या खेळाडूने स्वतः पत्करलेली वेदना योग्य आहे. ती बाहेरून मोजण्याचा अधिकार मला नाही, आणि तुम्हालाही नाही.

सांगलीच्या संकेत सरगरचं उदाहरण घ्या. 2022चे बर्मिंगहॅमचे राष्ट्रकुल सामने, 55 किलो गट. स्नॅचमध्ये 113, क्लीन अँड जर्कच्या पहिल्या प्रयत्नात 135, एकूण 248. दुसऱ्या प्रयत्नात त्याचं कोपर दुखावलं. तरीही तो तिसऱ्यांदा बारपाशी गेला. वजन पेललं नाही. मलेशियाचा खेळाडू 249 करून गेला आणि संकेतने झोळीत अडकवलेला हात घेऊन रौप्यपदक स्वीकारलं. एका किलोचं अंतर. ती तिसरी उचल त्याने करायला हवी होती का? त्याच्या जागी मी असते तर कदाचित गेले नसते. पण तो सज्ञान होता, आयुष्यभर ज्या क्षणासाठी घाम गाळला तो क्षण समोर होता, आणि निर्णय त्याचा होता. अशा निर्णयाचा मी मान राखते.

मात्र शाळेच्या मैदानावर माझ्यासमोर उभी राहणारी मुलं संकेतच्या जागी नसतात. आपली परिषद खरी त्यांच्यासाठी आहे, म्हणून त्यांच्याविषयी थोडं सविस्तर बोलते.

नाणे मावळातल्या एका गावची मुलगी, नाव सांगत नाही. नववीत होती, कबड्डीत चढाईला विजेसारखी. मॅटवरच्या एका सामन्यात बोनस घेऊन वळताना पाय जागेवर रुतला आणि अंग फिरलं. मातीत पाय सरकतो, मॅटवर बुटाची पकड घट्ट असते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो, हे तुम्ही जाणता. पुढच्या आठवड्यात राज्य संघाची निवड होती. बर्फ लावला, स्प्रे मारला, क्रेप बँडेज गुंडाळलं आणि ती खेळली. तिला कोणी जबरदस्ती केली नाही. विचारलं होतं, 'दुखतंय का?' ती 'नाही' म्हणाली. निवडही झाली. राज्य स्पर्धेत पहिल्याच दिवशी गुडघा निसटला. पुढचं लिगामेंट तुटलेलं होतं, गादीही फाटली होती.

ती 'नाही' का म्हणाली? कारण 'हो' म्हटलं असतं तर तिची जागा दुसरीला गेली असती. दहावीच्या निकालात खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत आणि त्या प्रमाणपत्रावर घरातल्या चौघांची भिस्त होती. या सवलती मला हव्याच आहेत. ग्रामीण खेळाडूला त्यांच्याइतका आधार दुसऱ्या कशाने दिलेला नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलीच्या 'नाही'मागे हे सगळं उभं असतं, हे आपण विसरू शकत नाही. प्रत्येक मैदानावर आपण सुजलेल्या पायाने खेळलेल्या मुलाची पाठ थोपटतो, दुखतंय म्हणून बाहेर बसलेल्याकडे बघतही नाही. मुलं हे बरोबर टिपतात.

शस्त्रक्रियेचे पैसे तिच्या घरी नव्हते. पट्टा बांधून, औषधं घेऊन दिवस काढले. मावळात गुडघा फक्त कबड्डीला लागत नाही. आषाढात खाचरात चिखलात वाकून भात लावायचा असतो, उकिडवं बसून गवत काढायचं असतं, डोक्यावर भारा घेऊन बांधावरून उतरायचं असतं. इंद्रायणी तांदळाचं नाव सगळीकडे झालंय, पण तो लावतात ते गुडघ्यांच्या आणि कमरेच्या जोरावर. लिगामेंट गेलेला गुडघा चिखलात केव्हा दगा देईल सांगता येत नाही. त्या मुलीला घरच्या लावणीला उतरता येत नाही. तिला राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं. तिच्यापुरतं हे यश योग्य होतं का, हे मला ठामपणे सांगता येतं: नव्हतं. आणि ते अयोग्य ठरवलं ते तिच्या गुडघ्याने नाही. दुखापतीच्या आधी तिला कोणी थांबवलं नाही आणि नंतर तिच्यासोबत कोणी राहिलं नाही, म्हणून ते अयोग्य ठरलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. वेदना योग्य की अयोग्य हे वेदना किती तीव्र आहे यावर ठरत नाही. खेळाडूला निवड करण्याइतकी माहिती, वय आणि मोकळीक होती का, आणि मोडल्यावर त्याला पुन्हा उभं करण्याची जबाबदारी कोणी घेतली होती का, यावर ते ठरतं.

सचिन तेंडुलकरने 1999 साली चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध पाठीच्या असह्य दुखण्यात 136 धावा केल्या. भारत 12 धावांनी हरला. ती खेळी आपण अजून डोळ्यांपुढे आणतो. पुढे टेनिस एल्बोने त्याला गाठलं तेव्हा 2005मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, पुनर्वसन झालं, तो परत आला आणि आणखी आठ वर्षं खेळला. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे 2025च्या जुलैत मोनॅकोला स्टीपलचेसमध्ये पडला. गुडघ्याचं लिगामेंट आणि गादी, म्हणजे आमच्या त्या मुलीचीच दुखापत. पण त्याच्यामागे लष्कराची नोकरी होती आणि शस्त्रक्रियेची सोय होती. आता पैलवान खाशाबा जाधवांना आठवा. 1952ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी आणलं. जाण्यासाठी गावाने पैसे जमवले, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. चार वर्षांनी गुडघ्याच्या दुखापतीने त्यांचं मेलबर्नचं ऑलिंपिक हुकलं. 1984मध्ये ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. तिघांच्याही जिद्दीत उणं-अधिक काही नाही. फरक आहे तो मोडल्यावर पाठीशी कोण होतं याचा.

वस्ताद मंडळी म्हणतील, असं जपत बसलं तर पैलवान घडत नाही. तुमचा अनुभव मी हलका मानत नाही. जोर, बैठका, पहाटेची मेहनत, दमछाक यांतलं काही कमी करा असं मी म्हणत नाहीये. उलट दुखापत टाळण्याचा मोठा भाग मेहनतच आहे, फक्त ती नीट आखलेली हवी. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात का, एका पायावर तोल राहतो का, मांडीच्या मागचे स्नायू पुढच्यांच्या मानाने दुबळे आहेत का, हे बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. फुटबॉलमध्ये 'फिफा 11+' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. तो नियमित केल्याने गुडघ्या-घोट्याच्या दुखापती लक्षणीय कमी होतात हे अभ्यासांतून दिसलं आहे. तो कबड्डी आणि खो-खोला जुळवून घेता येईल. मुलींमध्ये गुडघ्याच्या पुढच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, तेव्हा त्यांच्यासाठी तर तो आधी हवा.

आणि मुलींचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलते. वजनगटात बसण्यासाठी जेवण तोडलेल्या, पाणी बंद केलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पुरेसं न खाता जबर सराव केला की मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात आणि नडगीच्या हाडाला सूक्ष्म तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014पासून या अवस्थेची स्वतंत्र दखल घेतली आहे. आपल्याकडे मुलगी हे प्रशिक्षकाला सांगू शकत नाही आणि प्रशिक्षक विचारायला संकोचतो. हा संकोच तिला महागात पडतो. प्रत्येक संघासोबत एक स्त्री असलीच पाहिजे, मग ती शिक्षिका असो, परिचारिका असो वा गावची आशाताई.

शरीर घडवणं आणि ते दुरुस्त करणं एकत्र कसं ठेवावं, हे आपण बसलो आहोत त्या गावाकडून शिकण्यासारखं आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात घडले. माणिकराव व्यायामाचे गुरू होते तसेच मोडलेली हाडं बसवण्यातही निष्णात होते. शरीर घडवणारा आणि मोडलेलं शरीर दुरुस्त करणारा माणूस एकच होता. त्यांच्या या शिष्याने 1924मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभारलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासायला घेतलं. परंपरेवर श्रद्धा होती म्हणूनच त्यांनी ती मोजून पाहिली. त्यानंतर शंभर वर्षं होऊन गेली, तरी आपल्या शाळांमध्ये वर्षभरात किती गुडघे, किती घोटे, किती खांदे दुखावले याची साधी वहीसुद्धा नाही.

इथलेच शिवदुर्ग मित्रचे कार्यकर्ते आहेत. कड्यावर कोणी अडकलं, दरीत कोणी पडलं की भर पावसात दोर घेऊन निघतात. नागफणीच्या कड्यावर चढायचं की नाही हे चढणारा ठरवतो. पण दोर कोण धरणार हे चढायच्या आधी ठरलेलं असतं, आणि दोर धरणाऱ्याने 'थांब' म्हटलं की वरचा थांबतो. तो त्याला अपमान मानत नाही. शाळेच्या मैदानावर मला हेच हवं आहे.

म्हणून दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे, त्यावर आपण कसून चर्चा करावी. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला दुखापत झाल्यास डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय स्पर्धेत उतरवायचं नाही, मग ती निवड चाचणी असो वा अंतिम सामना, आणि खेळाडू व पालक दोघांनीही 'चालेल' म्हटलं तरी. दुखापतीमुळे चाचणी हुकलेल्या खेळाडूला दुसरी संधी देण्याची तरतूद निवड समितीने करावी. ही तरतूद नसेल तर पहिला नियम कागदावरच राहील, कारण मुलं दुखणं लपवतच राहतील. प्रत्येक शाळेने आणि तालमीने दुखापतींची नोंदवही ठेवावी. विमा असो वा शासनाचं अनुदान, मागायला गेलं की पहिल्यांदा तारखेची नोंद मागतात आणि तीच आपल्याकडे नसते. आणि स्पर्धेच्या खर्चातला काही भाग, गणवेश आणि चषकांच्या आधी, जखमी खेळाडूच्या उपचारासाठी बाजूला काढावा.

यातल्या शेवटच्या मुद्द्यावर विरोध होईल हे मला माहीत आहे. चषकासाठी देणगीदार मिळतो, एमआरआयसाठी मिळत नाही. परिषदेला आलेल्या डॉक्टरांपैकी काहींनी सकाळी मला सांगितलं की तालुक्यात महिन्यातून एक दिवस खेळाडूंना मोफत तपासायला ते तयार आहेत. हा दिवस वडगावला ठेवायचा की कामशेतला, एवढं आज ठरवूनच उठू. आंदर मावळ आणि नाणे मावळातल्या मुलांना एसटीने कुठे पोहोचणं सोपं जाईल, हे तिथल्या शिक्षकांनी आधी सांगावं. पहिलं बोलणं त्यांचं.