कापसाच्या वाटेनं आजोळी



माझं बालपण आर्वीत गेलं आणि आजोळ अचलपूरला. नकाशा पाहिलात तर आर्वीहून अचलपूर पश्चिमेला, थोडं उत्तरेकडे आहे. मध्ये अमरावती लागते. पण आम्ही आगगाडीनं निघालो की आधी दक्षिणेला पुलगावला यायचो. तिथून मोठ्या गाडीनं पश्चिमेला, बडनेऱ्यावरून मूर्तिजापूरला. आणि मूर्तिजापूरहून पुन्हा लहान गाडीनं उत्तरेला अचलपूरला. तीन गाड्या! ट्रंक, सुरई, रोट्यांचा डबा आणि आम्ही तीन भावंडं, एवढं सगळं अम्मी एकटी सांभाळायची. एकदा मी तिला विचारलं, ‘आपण एवढं फिरून का जातो?’ ती म्हणाली, ‘गाडी अशीच जाते.’

गाडी अशीच का जाते, याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळालं. आर्वी-पुलगाव ही अडीच फुटी रुळांची सुमारे ३५ किलोमीटरची लाईन १९१७ साली सुरू झाली. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणाऱ्या लाईनीही त्याच सुमाराच्या आणि त्याच कंपनीच्या. लोक त्या गाडीला प्रेमानं ‘शकुंतला’ म्हणत. आर्वी, अचलपूर, यवतमाळ ही कापसाची गावं. कापूस तिथून मुंबई-नागपूर मोठ्या लाईनीवर आणायचा, पुढे मुंबईच्या बंदरात आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांत, यासाठी हे रूळ पडले. आर्वीच्या सुनेला अचलपूरच्या माहेरी जाता यावं, असा विचार ते टाकताना कोणी केलेला नव्हता. ज्या वाटेनं कापसाच्या गाठी गेल्या, त्याच वाटेनं माझी अम्मी माहेरी गेली.

आपल्या जिल्ह्यातली प्रत्येक लाईन अशीच कशासाठी तरी आली. मोठी लाईन १८६७ साली नागपूरला पोचली. त्याच्या आदल्याच वर्षी पालकवाडी नावाच्या लहानशा गावाच्या जागी वर्धा शहर वसवलं गेलं. १८७०च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याकडे रूळ गेले, ते वरोऱ्याच्या कोळशासाठी. ती वाट पुढे बल्लारशापर्यंत गेली, पण बरीच वर्षं तिथंच संपत होती. उत्तरेहून मद्रासला जाणाऱ्याला मुंबईकडच्या लांबच्या वाटेनं, रायचूरवरून जावं लागे. १९२०च्या दशकात इटारसी-नागपूर मार्ग पुरा झाला, मग बल्लारशा आणि काझीपेठ जोडले गेले आणि १९२९ साली ग्रँड ट्रंक एक्सप्रेस धावू लागली. सुरुवातीला ती चक्क पेशावर ते मंगळूर जाई! मग तिची टोकं बदलली, आणि आज ती दिल्ली-चेन्नई अशी धावते. मधला एक तुकडा जोडला आणि अर्ध्या देशाचा रस्ता बदलला. कोळशाच्या खाणीकडे जाणारी आपली लाईन उत्तर-दक्षिण राजमार्गाचा भाग झाली. गांधीजी १९३६ साली सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. देशाच्या चारी दिशांचे लोक त्यांना भेटायला आले, ते याच रुळांवरून.

पण राजमार्गाचे स्वतःचे नियम असतात. नागपूरकडून आलेली गाडी वर्धा स्थानकात नेली, तर बल्लारशाकडे काढताना इंजिन दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. त्यात वेळ जातो. म्हणून दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या गाड्या वर्ध्याला न येता सेवाग्राम स्थानकावरूनच दक्षिणेकडे वळतात. या स्थानकाचं जुनं नाव वर्धा पूर्व. लांबच्या प्रवाशाची वेळ वाचते आणि वर्धेकर सामान घेऊन ऑटोनं सेवाग्राम गाठतो. मार्ग बदलला की कुणाची तरी सोय होते आणि तिची किंमत दुसरा कुणीतरी भरतो. एवढं समजलं की रेल्वेचं वेळापत्रक वेगळ्या नजरेनं वाचता येतं.

आता पुन्हा आमच्या लहान गाडीकडे येतो. कापूस ट्रकवर चढला. एस.टी. गावोगाव पोचली. ज्या कामासाठी रूळ टाकले ते काम उरलं नाही, आणि नुसत्या माणसांसाठी गाडी चालवणं हिशेबात बसेना. आर्वी-पुलगाव बंद झाली. पुढे मूर्तिजापूरच्या दोन्ही लाईनींवरची गाडीही थांबली.

मी कवी माणूस. त्या गाडीवर हळवं होऊन लिहावं, असं पुष्कळांना वाटतं. पण एक गोष्ट मला तसं लिहू देत नाही. नानी अखेरच्या दुखण्यात होती, तेव्हा अचलपूरहून तार आली. अम्मी सवयीनं पुलगावच्या गाडीची वेळ विचारू लागली. अब्बांनी तिला हाताला धरून एस.टी. स्टँडवर नेलं. अमरावतीमार्गे आम्ही दुपारी पोचलो. नानीनं अम्मीला ओळखलं, तिच्या हातून दोन घोट पाणी घेतलं आणि संध्याकाळी गेली. लहान गाडीनं गेलो असतो, तर मायलेकींची भेट झाली नसती. म्हणून जुनं ते सगळं चांगलं होतं, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की वाट आखताना माणसाला आधी मोजा.

हे म्हणायला कारण आहे. २२ मार्च २०२० रोजी देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. त्या परत आल्या तेव्हा पुष्कळ ठिकाणी पॅसेंजरला एक्सप्रेसचं भाडं लागलं, आणि काही लहान थांबे गळाले. भाडं २०२४च्या फेब्रुवारीत पुन्हा उतरलं. त्याच महिन्याच्या २८ तारखेला वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा पहिला तुकडा, वर्धा ते कळंब, प्रवाशांसाठी सुरू झाला. मी मुद्दाम त्या गाडीनं जाऊन आलो. माझ्या समोर एक बाई बसली होती, कडेवर मूल आणि पायाशी पिशवी. गाडी सुटली तरी ती प्रत्येकाला एकच विचारत होती, ‘भिडीला थांबते ना?’ गाडी नांदेडला कधी पोचणार, याची तिला फिकीर नव्हती. थांबते, असं मी सांगितलं, तेव्हा कुठं तिनं मुलाला मांडीवर घेतलं.

घरी येऊन मी हे अम्मीला सांगितलं. ती आता फार थकली आहे. नव्या लाईनीचं कौतुक मी चांगलं रंगवून सांगत होतो, डबे कसे, फलाट कसे, पुढे पूल कुठं होणार. सगळं ऐकून घेतल्यावर ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, ‘वो सब ठीक. मगर जाता कौन उसमें? और कहाँ जाता?’

लहानपणी मी तिला गाडीचा प्रश्न विचारला होता. आता तिनं मला विचारला. नवा मार्ग आखणाऱ्यांनीही कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.