बुडीचा हिशेब
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘समुद्राच्या तळाशी जाऊन आलेला आपला भरेकर’ अशी माझी ओळख करून दिलीत, टाळ्याही वाजवल्यात. आभार. पण त्या बुडीचा हिशेब कुणी विचारला नाही. तो आज देतो, कारण समोर बसलेली तुमची मुलं उद्या परदेशी फिरायला जातील.

मुळेच्या डोहात पोहायला शिकलेला मी, २०१८ साली थायलंडच्या को ताओ बेटावर स्कूबा शिकायला गेलो. तिथे स्वस्तात शिकवतात, असं ऐकलं होतं. फी १०,००० बाथ, म्हणजे तेव्हाचे साधारण २१,००० रुपये. बँकॉकचं विमान, पुढे बस, बोट, राहणं-जेवण धरून आकडा ५६,००० वर गेला. वर्षभर साठवलेले पैसे होते ते.

निघताना सर्दी झाली. पाण्यात उतरण्याआधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. नाक-कानाची तक्रार? मी ‘नाही’ लिहिलं. पैसे भरले होते ना! शाळा बुडवायला आपण खोटं दुखणं सांगायचो; तिथे मी खरं दुखणं लपवलं.

पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. नाक दाबून, हवा फुंकून कान मोकळे करत खाली जायचं असतं. सर्दीत ती वाटच बंद. कान ठणकू लागला. थांबायची खूण शिकवली होती, ती केली नाही. वर आलो तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं.

कानाच्या पडद्याला इजा झाली होती. बुडी बंद आणि विमानप्रवासही लगेच नाही. डॉक्टर, पाच दिवसांचा मुक्काम, नवं तिकीट असे आणखी २७,००० गेले. प्रवास विमा होता, पण त्यातून स्कूबा वगळलेलं. एकूण ८३,००० रुपये आणि हातात प्रमाणपत्र नाही. घरी ‘मस्त झालं’ म्हणून सांगितलं. आईने डाव्या बाजूने हाक मारली, मी ओ दिली नाही, तेव्हा खरं बाहेर आलं.

कान बरा झाल्यावर, डॉक्टरांची लेखी परवानगी घेऊन, पुढच्या हिवाळ्यात तारकर्लीला शिकलो. तिथेही एके सकाळी नाक चोंदलं. या वेळी सांगून टाकलं. शिक्षक म्हणाले, “आज बसा.” एक दिवस वाया गेला, मुक्कामाचे १,५०० रुपये जास्त लागले. बाकी काही नाही.

म्हणून मुलांनो, फी विचाराल तेव्हा साहित्याचं भाडं आणि प्रमाणपत्र त्यात धरलंय का, एका शिक्षकामागे किती जण, हे विचारा. विम्यात स्कूबा आहे का ते वाचा. शेवटच्या बुडीनंतर विमानाआधी पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा. आणि दोन-तीन दिवसांचे पैसे जास्तीचे बाजूला ठेवा. ते हाताशी असले की ‘आज नको’ म्हणता येतं.