नाव विचारा, सांगू नका

मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या रुग्णालयांतून ड्यूट्या बदलून रत्नागिरीत आलेल्या सिस्टर्स आणि ब्रदर्स, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या मावशी-मामा! तुम्ही आधी पुढे येऊन बसा. आजचं निम्मं बोलणं तुमच्याशीच आहे.

‘रुग्णाची अचूक ओळख’ हा विषय पत्रिकेवर वाचून एकीने मला विचारलं, “मॅडम, यावर काय बोलणार? नाव विचारायचं, झालं!” तेच तर होत नाही.

जुलै २०२० मध्ये ठाण्यात, महापालिकेच्या बाळकुमच्या कोविड रुग्णालयात, दोन वयस्कर पुरुषांच्या ओळखीची अदलाबदल झाली. एका कुटुंबाने ताब्यात मिळालेल्या मृतदेहावर अंत्यसंस्कार केले, आणि त्यांचा माणूस अतिदक्षता विभागात जिवंत निघाला. ज्यांचा माणूस खरोखर गेला होता, ते त्याला शोधत फिरत होते. हलगर्जीपणा म्हणून त्यावर बरंच छापून आलं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या दिवसांत नातेवाईक दाराबाहेर होते. एरवी आपली चूक कोण पकडतं? खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेली बायको. “अहो सिस्टर, यांचं इंजेक्शन सकाळीच झालं,” असं ती म्हणते आणि आपण वर तिच्यावरच वैतागतो. तिला बाहेर काढलं आणि आपल्या पद्धतीत मुळात किती कमी होतं ते उघडं पडलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यांत रुग्णाची ओळख आहे. नियम साधा: किमान दोन खुणा जुळवा, आणि खाटेचा नंबर त्यांत धरू नका. आपण मात्र पुढच्या ड्यूटीला ओव्हर देताना सर्रास म्हणतो, “सात नंबरचा हर्निया सकाळी ओटीला.” पावसाळ्यात लेप्टोच्या दिवसांत तापाचा वॉर्ड भरतो, खाली गाद्या पडतात. त्या गाद्यांना कुठला आलाय नंबर?

दोन खुणा म्हणजे नाव आणि जन्मतारीख, असं पुस्तकात असतं. पुस्तक लिहिणाऱ्याने कोकणातला केसपेपर पाहिलेला नाही. इथे गावावरून आडनाव, आणि निम्म्या गावाचं एकच. आजोबाचं नाव नातवाला. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीची मुंबईची सोनोग्राफी सासरच्या नावाने, शाळेचा दाखला माहेरच्या नावाने, आणि आई खिडकीवर सांगते तिसरंच, घरातलं लाडाचं. जन्मतारखेचं तर विचारूच नका. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लिहिली ती लिहिली; आधारवर कित्येकांची १ जानेवारी. साठीपुढच्या पुरुषांच्या वॉर्डात तारीख जुळवून बघा, अर्धा वॉर्ड एकाच दिवशी जन्मलेला निघेल. अशी तारीख दुसरी खूण म्हणून धरली तर आपण एकाच खुणेवर काम करतोय, फक्त कागदावर दोन दिसतात. म्हणून मी नोंदणी क्रमांक धरते. तो आपण दिलेला असतो, मास्तरांनी नाही.

आणि विचारायचं कसं? “तुम्हीच ना लक्ष्मीबाई?” याला उत्तर ‘हो’ असंच येतं. कानाने कमी ऐकणारी आजी हो म्हणते, तापाने ग्लानीत असलेला हो म्हणतो, आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी मुलगा मराठी कळत नाही म्हणून हो म्हणतो, आणि पांढरे कपडे बघून बुजलेला गडीमाणूस तर दोनदा म्हणतो. “तुमचं पूर्ण नाव सांगा” असं म्हणा आणि गप्प राहा. जो सांगू शकत नाही, त्याचं नाव सोबतच्या माणसाकडून घ्या आणि मनगटावरची पट्टी वाचा. आपल्या गावात मनोरुग्णालय आहे. तिथल्या सिस्टर्सना विचारा. स्वतःचं नाव ठाऊक नसलेल्या माणसाला रोज योग्य गोळी द्यायची म्हणजे काय, ते त्यांना माहीत आहे. फोटो लावलेल्या केसपेपरचं मोल त्या सांगतील.

सगळ्यात जास्त भीती मला रक्ताच्या नमुन्याच्या जांभळ्या बुचाच्या बल्बची वाटते. रात्रीचे दोन, रक्त चढवायचंय, क्रॉसमॅचला नमुना पाठवायचाय. सिस्टर एकटी. टेबलावरच दोन बल्बना लेबलं चिकटवून ती वॉर्डात जाते. आता कुठलं रक्त कुठल्या बल्बमध्ये, हे फक्त तिच्या थकलेल्या डोक्यात आहे. रक्तपेढीने कितीही चोख क्रॉसमॅच केलं तरी ते बल्बातल्या रक्ताशी जुळवलेलं असतं, खाटेवरच्या माणसाशी नाही. गट चुकला तर थोड्याशा रक्तानेही जीव जाऊ शकतो. रक्त काढल्यावर, खाटेशीच, पट्टी बघून लेबल लावायचं. तिथे पेन नसेल तर पेन घेऊन या, पण बल्ब घेऊन टेबलावर येऊ नका.

नवजात बाळांचं वेगळंच. बारसं होईस्तोवर बाळाला नावच नाही, सगळी ‘बेबी ऑफ’. न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयात बाळाच्या नोंदीत आईचं पहिलं नाव घालायला सुरुवात केली. भलत्याच बाळाच्या नावावर पडणाऱ्या ऑर्डर्स ३६ टक्क्यांनी कमी झाल्या, असा २०१५ सालचा अभ्यास आहे. खर्च जवळजवळ काहीच नाही. चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेलं नाव मात्र पहिल्या स्पिरिटच्या बोळ्यात जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बारकोड येतील, चौदा आकडी आभा हा आरोग्य ओळख क्रमांक आलाच आहे. यायला हवेत. पण मुंबईतल्या मुलाच्या एकाच मोबाईलवर घरातल्या चौघांची आभा असते. नंबर टाकला की चार नावं येतात आणि घाईत बोट पहिल्यावर पडतं.

आता मावशी-मामा. एक्स-रेला, ओटीला, शवागारात, माणसाला प्रत्यक्ष नेतं कोण? तुम्ही. आणि आम्ही तुम्हाला सांगतो काय, तर “सात नंबरला घेऊन जा.” प्रशिक्षणाला बोलावताना मात्र तुम्ही कंत्राटी, म्हणून यादीत नाही. मला हे पटत नाही. ज्याच्या हातात स्ट्रेचर, त्याच्या हातात नावाची चिठ्ठी हवी, आणि पट्टीशी जुळली नाही तर ‘नेत नाही’ म्हणण्याची मुभा हवी, समोर सर्जन उभे असले तरी.

दुपारच्या सत्रात जिल्ह्यासाठी एकसारख्या मनगटपट्टीचा मसुदा चर्चेला आहे. मी तो वाचला. त्यात गाव आहे, वाडी नाही. वय आहे, माहेरचं नाव नाही. हे दोन रकाने घालावेत आणि खाटेचा नंबर काढावा, अशी माझी सूचना आहे. पट्टी लहान पडते असं छपाईवाले म्हणतील. मग जन्मतारीख काढा.