एका क्रियापदावरचे ओझे

(बंगळूर येथे अनुवादकांसमोर दिलेले व्याख्यान)



विज्ञानविषयक इंग्रजी पुस्तक मराठीत आणताना अनुवादकाची दमछाक पारिभाषिक संज्ञांपायी होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो तितकासा खरा नाही. संज्ञांसाठी कोश आहेत, परिभाषा मंडळांच्या याद्या आहेत. आणि काहीच हाती लागले नाही तर मूळ शब्द देवनागरीत लिहून पुढे जाता येते. अनुवादकाला खरोखर अडवतात ती साधी क्रियापदे. ती साधी असतात म्हणूनच त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही, आणि लक्ष गेले नाही म्हणजे अर्थ हातचा निसटतो. आज मी अशाच एका क्रियापदसमूहाविषयी बोलणार आहे.

डिस्कव्हर, इन्व्हेंट, डिटेक्ट, ऑब्झर्व्ह, आयडेंटिफाय, आयसोलेट ही सहा इंग्रजी क्रियापदे विज्ञानाच्या कोणत्याही इतिहासात पानोपानी भेटतात. मराठी अनुवादात मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांच्या जागी एकच शब्दप्रयोग येतो, तो म्हणजे ‘शोध लावणे’. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, कोलंबसने अमेरिकेचा शोध लावला, एडिसनने फोनोग्राफचा शोध लावला आणि पोलिसांनी चोराचा शोध लावला! या चार वाक्यांतील चार कर्त्यांनी केलेल्या कृती एकमेकींपासून किती भिन्न आहेत, हे वाक्ये वाचून कळत नाही. गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधीही होते. अमेरिकाही होती, आणि तेथे राहणाऱ्या लोकांना ती चांगली ठाऊक होती. १८७७ पूर्वी फोनोग्राफ मात्र कोठेच नव्हता. चोराविषयी तर बोलायलाच नको. तो स्वतःहून लपला होता.

डिस्कव्हर म्हणजे जे आहे, पण झाकलेले आहे, त्यावरचे आवरण दूर करणे. इन्व्हेंट म्हणजे जे नव्हते ते बुद्धीने रचणे. आज हा भेद इंग्रजीत पक्का झालेला दिसतो. पण तो जन्मजात नाही. इन्व्हेंट हे क्रियापद ज्या लॅटिन धातूवरून आले त्याचा अर्थ ‘गाठ पडणे, सापडणे’ असाच होता. ख्रिस्ती परंपरेत क्रूस सापडल्याचा जो सण आहे, त्याच्या इंग्रजी नावात हाच जुना अर्थ टिकून राहिला आहे. म्हणजे लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी शतकानुशतके वापरून या दोन शब्दांच्या वाटा वेगळ्या केल्या. जे इंग्रजीने वापरातून साधले, ते मराठीला साधणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

आपल्या ‘शोध’ या शब्दाच्या मुळाशी ‘शुध्’ हा धातू आहे. निवडून, गाळून, स्वच्छ करून घेणे हा त्याचा मूळ भाव. या नगरीच्या भाषेत, कन्नडमध्ये, ‘कंडुहिडि’ असे क्रियापद आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘पाहून पकडणे’. नवे तत्त्व उजेडात आणणे आणि नवे यंत्र रचणे या दोहोंसाठी ते चालते. तेव्हा ही अडचण एकट्या मराठीची नव्हे. इंग्रजी आवरण काढते, मराठी निवडून घेते, कन्नड पाहून पकडते. प्रत्येक भाषेने त्या एका क्षणाकडे आपापल्या बाजूने पाहिले आहे.

आता बंगळूरशी निगडित असलेले एक उदाहरण घेऊ. १६ मार्च १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी याच शहरात ‘एक नवे प्रारण’ या अर्थाच्या शीर्षकाचे व्याख्यान दिले, आणि पुढे रामन परिणाम या नावाने ओळखली गेलेली घटना विद्वानांसमोर सविस्तर मांडली. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत ती २८ फेब्रुवारीला हाती आली होती. पण या कथेला आधीचे एक प्रकरण आहे. १९२३ साली स्मेकल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने अशी घटना संभवते असे गणिताने सांगितले होते. त्याच वर्षी रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना विखुरलेल्या प्रकाशात एक क्षीण चमक दिसलीही होती. द्रवातील अशुद्धीमुळे ती उद्भवत असावी, असे तेव्हा वाटले. म्हणजे १९२३ मध्ये एकाने भाकीत केले, दुसऱ्याला ती घटना दिसली, आणि तरीही तिचा शोध लागला तो १९२८ मध्ये. पाहणे आणि शोध लावणे यांत पाच वर्षांचे अंतर पडले. त्या अंतरात कृष्णन यांच्यासह रामन यांनी अशुद्धी दूर सारल्या, अनेक द्रव तपासले आणि ही चमक म्हणजे प्रकाशाचाच एक नवा व्यवहार आहे हे ओळखले. ऑब्झर्व्ह आणि डिस्कव्हर या दोन्हींसाठी अनुवादकाने एकच शब्द वापरला, तर या पाच वर्षांच्या तपश्चर्येचा मागमूस वाचकाला लागणार नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या अधिक जवळचे आहे. ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी विजयदुर्ग किल्ल्यावरून लॉकियर यांनी हेलियमचा शोध लावला’ हे वाक्य मराठीत वारंवार छापले जाते. त्या दिवशी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले, हे खरे. फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन यांनी गुंटूर येथून आणि मद्रास वेधशाळेचे पॉगसन यांनी मच्छलीपट्टणम येथून सूर्यज्वालांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषा पाहिल्या. नॉर्मन लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ग्रहणावाचूनच, त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, सूर्याच्या कडेवरील त्या रेषा पाहिल्या आणि त्यांतील पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही हे ताडले. ती एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची असावी असे अनुमान पुढे निघाले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर हा वायू एका खनिजातून वेगळा काढला तो रॅमसे यांनी, १८९५ साली. येथील रामन संशोधन संस्थेतील खगोलशास्त्रज्ञ बिमन नाथ यांनी हा सारा इतिहास एका स्वतंत्र इंग्रजी ग्रंथात उलगडून दाखविला आहे.

आता क्रियापदे मांडून पाहा. कोणी रेषा पाहिली, कोणी तिची नोंद केली, कोणी तिचे वेगळेपण ताडले, कोणी नाव दिले, कोणी वायू वेगळा केला. ‘हेलियमचा शोध लावला’ एवढे एकच वाक्य लिहिले की हे सारे एका दिवसात, एका स्थळी आणि एका माणसाच्या नावावर जमा होते. मग विजयदुर्गाचे काय? त्या किल्ल्याचा मान मुळीच उणा होत नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर खरोखरच विजयदुर्गावर आले होते आणि तेथे त्यांनी मोठ्या सिद्धतेने निरीक्षणे केली. किल्ल्याशी ‘निरीक्षण केले’ हे क्रियापद जोडावे. ते खरे आहे आणि पुरेसे गौरवाचेही आहे.

तिसरे क्रियापद डिटेक्ट. येथून सुमारे शंभर किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. २००१ साली त्या बंद झाल्या. १९६५ मध्ये या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या साहाय्याने वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो टिपले. न्यूट्रिनो हा कण असावा असे पाउली यांनी १९३० मध्येच सुचविले होते, आणि १९५६ मध्ये अमेरिकेत अणुभट्टीपाशी त्याचे अस्तित्व सिद्धही झाले होते. म्हणून कोलारला ‘न्यूट्रिनोचा शोध लागला’ असे लिहिणे चुकीचे होईल. ‘वातावरणातील न्यूट्रिनो तेथे प्रथम टिपले गेले’ हे बरोबर. क्षीण, निसटत्या गोष्टीसाठी मराठीने ‘टिपणे’, ‘चाहूल लागणे’, ‘सुगावा लागणे’ असे शब्द केव्हाच घडवून ठेवले आहेत.

हा केवळ शैलीचा प्रश्न आहे काय? तसे असते तर मी आपला एवढा वेळ घेतला नसता. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याचे तिसरे कलम डिस्कव्हरी आणि इन्व्हेन्शन यांच्या भेदावरच उभे आहे. निसर्गात असलेले द्रव्य किंवा वैज्ञानिक तत्त्व नुसते उजेडात आणणाऱ्याला त्यावर पेटंट मिळत नाही; नव्याने रचणाऱ्याला ते मिळू शकते. याच कलमाच्या २००५ साली सुधारलेल्या पोटकलमानुसार, ज्ञात द्रव्याचे नवे रूप केवळ सापडले आणि त्याने परिणामकारकता वाढली नाही, तर तेही पेटंटला पात्र ठरत नाही. एका रक्तकर्करोगावरील इमॅटिनिब या औषधाच्या नव्या स्फटिकरूपाला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट नाकारले, ते या कसोटीवर. रुग्णाला औषध कोणत्या किमतीत मिळणार, हा प्रश्न अशा रीतीने दोन क्रियापदांपर्यंत येऊन पोहोचतो. मराठी वर्तमानपत्राने दोन्हींसाठी ‘शोध’ हाच शब्द छापला, तर वाचकाला निकाल समजणार कसा?

हळदीचे प्रकरणही आपणांस आठवत असेल. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ग्रंथांतील दाखले देऊन त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. जे घरोघरी ठाऊक होते ते कोणी शोधले नव्हते आणि कोणी रचलेही नव्हते. तेथे योग्य क्रियापद एकच होते: ‘माहीत असणे’.

तेव्हा अनुवादकाने ‘शोध लावला’ असे लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. ती गोष्ट आधी अस्तित्वात होती काय? असल्यास ती कोणाला ठाऊक होती काय? आणि कर्त्याने नेमके काय केले? उत्तर मिळाले की शब्दही मिळतो. न शोधता मिळाले ते ‘सापडले’; धुंडाळून मिळाले ते ‘गवसले’; अमुक प्रदेशात असते हे दिसून आले तर ते ‘आढळले’; कोडे सुटले तर ‘उलगडा झाला’; गुन्ह्याचा ‘छडा लागला’; यंत्र ‘रचले’ किंवा ‘घडविले’; द्रव्य ‘वेगळे केले’. शिवाय ‘शोध घेतला’, ‘शोध लावला’ आणि ‘शोध लागला’ या तिन्हींत मराठी स्वतःच प्रयत्न, कर्तृत्व आणि फलप्राप्ती असा नाजूक भेद करते. तो इंग्रजीच्या अनुकरणाने आलेला नाही.

त्यासाठी हिंदीतून ‘आविष्कार’ उचलून आणण्याची गरज मला वाटत नाही. हिंदीत तो यंत्रादिकांच्या निर्मितीसाठी रूढ आहे. मराठीत मात्र कलेच्या प्रकटीकरणाशी त्याचे नाते जडले आहे. ‘वाफेच्या यंत्राचा आविष्कार’ असे वाचून मराठी वाचकाला ते यंत्र गाऊ लागल्यासारखे वाटायचे!

‘शोध लावणे’ हा शब्दप्रयोग टाकून द्यावा असे माझे म्हणणे नाही. रामन यांनी जे केले त्याला दुसरा शब्द शोभणार नाही. एवढेच सुचवावयाचे आहे की, तो अशाच कृत्यांसाठी राखून ठेवावा आणि इतरांनी जे केले ते त्यांच्या त्यांच्या क्रियापदाने सांगावे. कोणाचे श्रेय किती आणि कोणाचा हक्क कोठपर्यंत, हे वाचकाला पुष्कळदा विशेषणांपेक्षा क्रियापदावरूनच कळते. ते निवडण्याचे काम आपल्याकडे आले आहे.